टॅबलेटात धरलेलं रडणं

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पयली आली कांताबाई. तिचं घर तांड्याच्या पार त्या टोकाले, विहिरीच्या पलीकडं, तरी पयली तीच. संगीता फाट्यावर एसटीतून उतरून चालत आली, हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती, तं कांताबाई दारात हात पसरून हजर. "ये वं माय," म्हणली अन् तिच्या गळ्यात पडून सुरात रडाले लागली. मी संगीताची सख्खी माय, अन् माहा नंबर दुसरा. राग आलता मले, पण रडताना राग कसा दाखवाचा.

आमच्या बंजाऱ्यांत लेक माहेरी आली का आधी गळ्यात पडून रडणं, मंग पाणी. साधं रडणं नाही, सुरात. मधल्या काळात जे झालं ते सगळं त्यात येते. कोण गेलं, कोणाची गाय व्याली, सासू कशी वाघीण, नणंद कशी इंचू. तिखट-मीठ लावूनच म्हणतात सगळ्या. माही सासू बिचारी गाय होती, लोणी खाऊ घालत होती मले, तरी माहेरी जाऊन मी तिले वाघीणच म्हणत होती. रीतच तशी. अन् डोळे पुसले का संपलं. रडण्यातलं कोणी मागून उकरून काढत नाही. "तू असं काहून म्हणली" असं विचारणं म्हंजे बेअक्कलपणा.

आम्ही रडून राह्यलो होतो अन् बबिता टॅबलेट समोर धरून उभी. बबिता म्हंजे माह्या भरतची पोरगी, बारावीले जाते राळेगावले. क्लासवाल्यांनी अभ्यासासाठी टॅबलेट दिला तिले. मी डोळ्यानं दटावलं, हलली नाही.

संगीता लय वाळली. पांढरकवड्याकडची हवा मानवत नसन. हायवेचा धूर, नवरा शाम ट्रकवर, आज इथं तं उद्या हैदराबाद. चहा पिऊन झोपली ते संध्याकाळीच उठली. पालथी झोपते आताशा, लहान लेकरावाणी.

साक्षरता वर्गाच्या शीला मॅडमनं सांगतलं होतं, आजी, रोज चार ओळी लिहा, नाहीतं अक्षर विसरान. चार ओळीत माहं भागत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर कापूस वेचला. बोटं बोंडाच्या नखांनी सोलून निघाली. तरी लिहिते, काहून का आज मजा झाली.

बबितानं मले तिचं गाण्याचं अॅप दाखवलं. काचेवर चौकोन चौकोन असतात, माह्या फेटियाच्या घागऱ्यावर ठिगळं अन् आरसे शिवले आहेत ना, तसेच. एकेका चौकोनात एकेक आवाज भरून ठेवाचा अन् बोटानं दाबला का तो आवाज निघते. बाजा नाही, ढोलकी नाही, काही विकत आणाचं नाही. घरातलेच आवाज. एका चौकोनात माह्या हातातल्या बलिया, एकात उखळ, एकात आमच्या बकरीचं शिंकणं, एकात एसटीचं दार. एसटीचं दार लय भारी वाजते, खट्याक. मी ते दाबत बसली तं बबिता म्हणे, "दादी, गाणं करू दे, तू तं बसच घेऊन चालली."

मंग तिनं टिकटिक लावली अन् म्हणे टिकटिकीवर बोट मार. मी मारलं. ती म्हणे, "तू एकदम बरोबर मारते." मी म्हणलं, लग्नात नाचून नाचून पाय झिजले माये, तुह्या टिकटिकीले काय भेते मी. आवाज काचेवर गोमीवाणी लांब दिसते. त्याच्या पुढचा-मागचा रिकामा भाग ती कापून टाकते, जशी भेंडीची देठं अन् शेंड्या आपण उडवतो. मले वाटत होतं लय अभ्यासाचं काम असन. हे तं भाजी निवडल्यावाणी आहे.

भाकर पलटवाच्या सराट्याचाही आवाज भरला तिनं, तव्यावर आपटून. टण. चांगला वाजला. संगीता बाजूले बसून लसूण सोलत होती, ते ऐकून अशी दचकली का सगळा लसूण अंगणात. म्हणे, "बबी, तो एक काढून टाक." बबितानं लगेच काढला. मले तं तोच आवडला होता. संगीता आधीपासूनच नाजूक, फटाक्यालेही भेत होती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वेचणी चालूच. मजूर मिळत नाही म्हणून भरत चिडचिड करून राह्यला. संगीताही येते वावरात. काय वेचते पोरगी, माह्या कपाशीच्या दोन ओळी होतात तं तिच्या तीन. मी म्हणलं, अवं माहेरी आली, बस जराशी. म्हणे, "बसून काय करू याडी, काम केलं तं भाऊ ठेवून तं घेईन." मायले याडीच म्हणतो आम्ही. असंच बोलते, गमतीत.

दुपारी झाडाखाली बबितानं गाणं ऐकाची एक बोंडी माह्या कानात घातली अन् एक तिच्या. म्हणे ऐक. अन् काय सांगू, आम्हीच. मंगळवारचं रडणं. कांताबाईचा हेल, माहा हेल, संगीताचा बारीक आवाज, अन् खालून माह्या बलिया छन्न छन्न अन् एसटीचं दार. रडण्याचं गाणं केलं पोट्टीनं. मले आधी वाटलं हे बरं नाही, रडण्याशी कोणी खेळते काय. पण इतकं गोड लागत होतं का मी पुन्हा लाव म्हणलं. माहा आवाज अजून बरा आहे. कांताबाईचा फाटला.

संगीताची एक ओळ तिनं घेतली आहे. "याडी ये, तिकडं सराटा तापते, भाकरीसाठी नाही तापत." हीच ओळ फिरून फिरून येते.

बबिता म्हणे, "दादी, फुफी असं काहून म्हणली?"

मी म्हणलं, "रडण्यातलं आहे ते. तसं विचारू नये."

"पण तुले काय वाटते?"

"मले वाटते तिचा सूर माह्यावर गेला."

मंग मीच तिले विचारलं, एकच ओळ इतक्या खेपा काहून टाकली, दुसऱ्या का नव्हत्या. तं म्हणे, "एकदा म्हणली तेव्हा तुम्ही कोणी ऐकलं नाही म्हणून." मी काही बहिरी नाही, तिच्या बाजूलेच उभी होती, सगळं ऐकलं होतं. बारावीच्या अभ्यासानं पोरींचं डोकं फिरते.

मी हट्ट करून ते गाणं माह्या मोबाईलवर टाकून घेतलं, वावरात ऐकाले. बबितानं बजावलं, "फुफीले अजून दाखवलं नाही. तिले विचारल्याबिगर कोणाले ऐकवू नको." मी हो म्हणलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कांताबाईच्या नातीचं लग्न जवळ आलं. हळदीच्या दिवशी आम्ही बाया जुना पोशाख घालून नाचतो. मी पेटीतून माही कांचळी काढली, आरशांची चोळी, अजून आरसा एक निघाला नाही. संगीताले म्हणलं तू घाल. लहानपणी ही चोळी पाहून किती रडत होती, मले पाहिजे म्हणून. तं आता म्हणे नको. कांचळीची पाठ उघडी असते, मागून नुसत्या दोऱ्या. म्हणे लाज वाटते. गळ्यापर्यंत झाकलेला ब्लाऊज घालून फिरते, या उन्हात. पांढरकवड्याले जाऊन शहरी झाली.

पाठीले तेल लावून देते म्हणलं, तेही नको.

भरत म्हणे, "लग्न झालं का सोमवारी गाडी कापूस घेऊन तिकडंच जाते, संगीताले सोडून देऊ. शामचा फोन येऊन राह्यला सारखा." संगीता म्हणे, "बरं." एवढंच. भरतही थकला, त्यालेही काय बोलाव. सगळेच थकले घरात. फक्त बकरी मजेत आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मारोती डीजेवाला कांताबाईच्या दारात भोंगे लावाले आला. भोंगे कायचे, कपाटंच. मी सहज म्हणलं, "आमच्या बबितानंही गाणं केलं टॅबलेटवर." तो हसला, म्हणे, "आजी, पोट्टे रोजच करतात, वाजवण्यासारखं नसते." आता असं म्हणल्यावर कोणाच्या नाकाले मिरची लागणार नाही. मी मोबाईल काढला अन् ऐकवलं. त्याचं हसणं थांबलं. म्हणे, "हे कोणी शिकवलं तिले?" मी म्हणलं, रक्तातच आहे. त्यानं त्याच्या फोनमध्ये घेऊन टाकलं.

बबिता राळेगावले होती. सांगन तिले. म्हणजे हळदीच्या दिवशीच वाजलं का तिले आपोआप कळन, खूश होईन. मी किती दिवसांनी एवढी खूश आहे. पाय दुखते ते वेगळं.

३० नोव्हेंबर, रविवार

लिहिण्याचं मन नाही. तरी लिहिते, उद्या लोक काही उलटसुलट बोलतीन.

सकाळी हळद लागली. आम्ही बाया गोल धरून नाचत होतो. शामच्या तांड्यातलीही माणसं आली होती, त्याची चुलती रुक्माबाई, अन् काका देवसिंग खुर्चीवर पान खाऊन बसलेला. मारोतीनं गाणं लावलं. पयले माह्या बलिया आल्या, एवढ्या मोठ्या भोंग्यातून, छातीत वाजल्या. मी बाजूच्या बायांले सांगतलं, ह्या माह्या. सगळ्या हसल्या, टाळ्या धरल्या. मंग रडणं आलं. कांताबाई म्हणे, "अवं हा तं माहा गळा," अन् आणखी जोरात नाचली.

मंग संगीताची ओळ आली. सराटा तापते, भाकरीसाठी नाही तापत. एकदा आली तं सगळ्या नाचतच होत्या. पुन्हा आली. पुन्हा. रडताना माणूस एकदा बोलते अन् दुसऱ्याचा हेल त्यावर पडते, बोल झाकून जाते. इथं काहीच पडत नव्हतं त्यावर. बायांच्या टाळ्या एकेक करून कमी झाल्या. शेवटी माही एकटीचीच टाळी ऐकू येत होती. मंग मीही थांबली.

संगीता मांडवाच्या खांबाले धरून उभी होती. माह्याकडं पाहत होती. मंग घराकडं निघून गेली. देवसिंग उठला अन् त्यानं मारोतीच्या मशीनची वायरच ओढली.

मी घरी गेली. दार लावलं. तिले म्हणलं, ब्लाऊज काढ.

काय पाह्यलं ते लिहित नाही. जुनेही आहेत, नवेही आहेत. सराट्याचा पुढचा भाग कसा असते, चपटा, एका कोपऱ्यात गोल, ते मले माहीत आहे, आयुष्य गेलं तो हातात धरून.

२ डिसेंबर, मंगळवार

काल भरतची गाडी पांढरकवड्याले गेली, संगीता गेली नाही. मी दारात बसली होती. भरत म्हणे, "याडी, सरक, उशीर होते." मी म्हणलं, "आधी घरात जाय अन् बहिणीले विचार पाठ काहून झाकते." तो गेला. बाहेर आला तं कापूस भरणाऱ्या माणसाले म्हणे, "तू जाय गाडी घेऊन." अन् ओट्यावर बसून राह्यला दुपारपर्यंत. दुपारी तिले राळेगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीण बाईनं मलम दिला अन् म्हणली, पोलिसात जा. बबिताही तेच म्हणते. संगीता म्हणे, आधी तांड्यात ठरू द्या, मंग पाहू.

बबिता माह्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. मी हो म्हणलं होतं अन् दिलं ना मारोतीले.

संगीताले तिनं सगळं सांगतलं, गाणं कसं केलं, काहून केलं. पाय धरले. संगीता म्हणे, "लाव, मी अजून नीट ऐकलं नाही." तिनं दोन्ही बोंड्या कानात घातल्या. ऐकता ऐकता डोळे मिटले. मले वाटलं आता रडते. तं म्हणे, "आवाज बरा आहे वं माहा."

मंग काचेवर बोट ठेवून विचारत होती, हा चौकोन कायचा, हा कायचा. एसटीचं दार दाबलं अन् हसली. आल्यापासून पयल्यांदा हसली. मलेही हसू आलं. खरं तं मले झोपच आली होती, पण बसून राह्यली.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज आले. देवसिंग, त्याच्यासंग दोन माणसं. शाम जीपपाशीच उभा राह्यला, आत आला नाही, मोबाईल पाहत होता. आम्ही आमचे नायक फकिराबापूंले बोलावून घेतलं. बापू म्हातारे आहेत, कमी ऐकू येते, पण तांड्यात त्यांचा शब्द चालते. चहा केला. पाव्हण्याले चहा तं द्यावाच लागते.

देवसिंग बोलाले लागला. "आमच्या घराची इज्जत भोंग्यावर वाजवली तुम्ही. ते गाणं पुसून टाका अन् सून आमच्यासंग द्या, विषय संपला."

भरत म्हणे, "तिची पाठ पाह्यली काय तुम्ही?"

"चुलीपाशी भाजते बायांले. कोणाले भाजत नाही? अन् गाण्याचं म्हणाल तं मशीनमध्ये काहीही जोडता येते आजकाल. पोट्टीनं जोडलं असन."

बबिता दारातून म्हणली, "मी जोडलं नाही काका. मी फक्त कापलं."

"अन् जोडलं नसन तरी रडण्यातलं आहे ना," देवसिंग म्हणे. "फकिराबापू, तुम्हीच सांगा. बायांनं रडताना म्हणलेलं बैठकीत कधी धरलं काय कोणी?"

बापूंनं मान हलवली. "नाही. ते धरत नाहीत. खरं आहे."

खोटं काय बोलले होते ते? मलेही मायनं तेच शिकवलं होतं अन् मी संगीताले तेच शिकवलं होतं. एवढं मोठ्यानं, एवढ्या खेपा वाजलं, अन् तरी धरल्या जात नाही. मले वाटलं आता उठून भांडी घासाव.

तेवढ्यात संगीता बाहेर आली. डोक्यावर पदर, पण अंगात माही कांचळी. उघड्या पाठीवर मलम चमकत होता. बापूंच्या पुढून गेली अन् त्यांच्याकडं पाठ करून उभी राह्यली, म्हंजे तोंड जीपकडं, शामकडं. म्हणे, "मंग कोरडं सांगते."

सूर नाही, हेल नाही, डोळ्यात पाणी नाही. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणली, "शामनं माह्या पाठीवर तापलेला सराटा ठेवला. एकदा नाही. त्याच्या मायले माहीत आहे. काकाले माहीत आहे. मी तिकडं येत नाही."

बकरी शिंकली.

फकिराबापूंले ऐकू आलं का नाही म्हणून भरत पुढं झाला, तं बापूंनं हात वर केला. "दिसलं मले, अन् ऐकूही आलं. हे धरल्या जाते." मंग देवसिंगकडं वळून म्हणे, "तुमच्या नायकाले घेऊन या. पोरगी तोवर कुठं जात नाही. तिले ठाण्यात जाचं असन तं मीही येतो संग."

देवसिंगनं चहा अर्धा ठेवला. शाम तोवर जीपमध्ये बसला होता. जाता जाता एकजण म्हणे, येतो आम्ही, नायकाले घेऊन येतो.

ते गेल्यावर संगीता तिथंच ओट्यावर टेकली. कांताबाई आली, सगळ्यात पयले तीच, अन् सवयीनं हात पसरून रडाचा हेल काढला. संगीतानं तिच्या तोंडावर हात ठेवला. "आज नको वं मावशे, थकली मी." मंग तिघी गप्प बसलो. मले वाटते माह्या आठवणीत पयल्यांदा कांताबाई इतका वेळ गप्प बसली.

बबिता बोलली माह्याशी. म्हणे, "दादी, त्या दिवशी तू सगळ्यात शेवटी टाळी थांबवली." मी म्हणलं, "मले माह्या बलियाच ऐकू येत होत्या माये." तिनं टॅबलेट माह्या मांडीवर ठेवला अन् म्हणे, चल, काहीतरी वाजव. मी एसटीचं दार वाजवलं.

ते पुन्हा येणार म्हंजे जेवण करावंच लागन. पाव्हणे ते पाव्हणे, कसेही असले तरी. ज्वारीचं पीठ आहे, वांगी आहेत. सराटा मी काल भंगारवाल्याले दिला, त्याच्या बदली लसूण घेतला, चांगला निघाला. आता भाकरी हातानंच पलटवीन. चटका बसन थोडा, बसू दे.

मंगळवारी येतो म्हणून गेले आहेत, ९ तारखेले.